पाचबारीवाले भाऊ

ज्या माणसानं उभ्या जन्मात एक झुरळ मारलं नाही, त्याच्याकडे बहारीनमधले झाडून सगळे शिकारी आपल्या बंदुका दुरुस्तीला आणायचे. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा हसतो आणि माझं डोकं फिरतं. हसण्यासारखं होतंच ते, नाही असं नाही. पण हसायचा हक्क आमचा, ज्यांनी सहा वर्षं त्यांच्या शेजारी बसून काढली त्यांचा. ऐऱ्यागैऱ्यानं हसायचं काम नाही.

राजधानीत, मनामात, शिकारीच्या सामानाचं एक दुकान होतं. पुढे काचेच्या कपाटांत बंदुका, दुर्बिणी, मासे धरायचे गळ. मागे एक खोली, तिथे भाऊ. आणि मधल्या बोळकांडीत माझं टेबल आणि टाइपरायटर. मालकाला आम्ही अरबाब म्हणायचो, तिकडे सगळेच म्हणतात. एक बंदूक विकायची तर चार कागद लागत, आणि ती नुसती दुकानाबाहेर न्यायची तरी पोलिसांचं पत्र लागे. ते सगळं मी टाइप करायचे. मी मूळची सांगलीची. नवरा इंजिनिअर म्हणून बहारीनला आला, त्याच्यामागून मी गेले, आणि दिवसभर घरात मुलांचं इंग्रजी ऐकून वेड लागायची पाळी आली तेव्हा ही नोकरी धरली. तोवर बंदूक मी फक्त बँकेच्या दारात पाहिली होती.

भाऊ भुसावळकडचे. तिकडे सरकारी कारखान्यात बंदुकांचे फिटर होते, तिथून मुदतीआधी निवृत्ती घेऊन इकडे आले. सकाळी आल्या आल्या "जयभीम, ताई" म्हणायचे, डबा खिडकीत ठेवायचे आणि आपल्या खोलीत जायचे. शर्टाला कडक इस्त्री, खिशाला पेन, आणि त्यावर मेणचट झालेला कातड्याचा एप्रन. गिऱ्हाइकं त्यांना उस्ताद म्हणत. मी भाऊ म्हणायचे, कारण आम्ही मनामाच्या हूरा भागात एकाच इमारतीत राहायचो आणि माझ्या नवऱ्यानं पहिल्याच दिवशी त्यांना भाऊ म्हणून टाकलं होतं.

आता झुरळांचं सांगते. वरच्या मजल्यावर दोन केरळी आणि एक हैदराबादी अशा तिघांबरोबर भाऊ एका खोलीत राहात. घरात झुरळ दिसलं की बाकीचे चप्पल शोधत, भाऊ काचेचा पेला शोधत. पेल्याखाली झुरळ धरायचं, खालून पोस्टकार्ड सरकवायचं आणि जिन्यात नेऊन सोडायचं. जिन्यात म्हणजे कुठे, तर आमच्या दारासमोर. वरच्या मजल्यावरची अहिंसा खाली माझ्या ओट्यावर चालत यायची. एकदा मी रंगेहाथ पकडलं आणि चांगलं फैलावर घेतलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पेला घेऊन थेट रस्त्यापर्यंत उतरायला लागले. दोन जिने, कधीकधी दिवसातून तीनदा, आणि तेही गुडघे धरलेला माणूस.

दुरुस्त केलेली बंदूक वाजवून बघायला त्यांच्या खोलीमागच्या अंगणात ओल्या वाळूनं भरलेलं एक पिंप होतं. त्या वाळूत नळी रोखून बार काढायचा. पण त्याआधी भाऊ पिंपावर तीनदा टकटक करायचे आणि थोडं थांबायचे. माझा धाकटा एकदा शाळेतून सरळ दुकानात आला होता. त्यानं विचारलं, "अंकल, हू इज इनसाइड?" भाऊंनी त्याला अगदी गंभीरपणे मराठीत सांगितलं, की ओलाव्याला मुंग्या येतात, त्यांना बाहेर निघायला वेळ द्यावा लागतो. पोरगं घरी येऊन आठवडाभर मोरीच्या दारावर टकटक करत होतं.

ते पंचशील पाळायचे, आणि आमच्यासारखं नाही, की संक्रांतीला गोड बोलायचं आणि दुसऱ्या दिवशी शिमगा. शुक्रवारी सकाळी चार-पाच कुटुंबं कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये वंदनेला जमत, तिथे ते न चुकता जायचे. मला एकदा राहवलं नाही. म्हटलं भाऊ, प्राण्याची हिंसा करणार नाही असं तुम्ही दर आठवड्याला म्हणता, आणि उरलेले सहा दिवस बंदुका नीट करता, हे कसं काय बसवता? मला वाटलं, काहीतरी तयार उत्तर फेकतील.  चौथ्या दिवशी टेबलापाशी येऊन म्हणाले, की तुमचा प्रश्न बरोबर आहे ताई, मला उत्तर सापडलं नाही, सापडलं की सांगतो. पुढे कधी सांगितलं नाही. पण अधूनमधून हातातलं काम थांबवून ते त्या पिंपाकडे बघत बसायचे, तेव्हा मला उगाच विचारलं असं वाटायचं.

खोटं न बोलण्याचं व्रत मात्र त्यांनी इतकं निष्ठेनं पाळलं होतं की दुकानाला ते परवडेना. फोन वाजला आणि अरबाबांनी हातानं खूण केली, मी नाही म्हणून सांग, की भाऊ फोनवर सांगायचे, "साहब हैं, लेकिन आपसे बात नहीं करना बोलते." असं दोनदा झालं. नंतर भाऊंना फोन उचलायची बंदी झाली.

शिकारी लोक त्यांना वचकून असत, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते. मोठमोठे धिप्पाड पुरुष, पांढरेशुभ्र पायघोळ थोब घातलेले, पण भाऊंच्या समोर बंदूक ठेवली की शाळेतल्या पोरांसारखे उभे राहायचे. कारण तेल. बहारीनची हवा खारट, लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही, म्हणून हे लोक बंदुकीला तेल पाजायचे. आणि त्या सगळ्यांची लाडकी बंदूक अशी होती की तिला नेमकं तेच सोसत नसे.

तिला भाऊ पाचबारी म्हणत, कारण एका दमात तिचे पाच बार निघत. जुन्या काळची, युरोपातल्या कुठल्याशा कारखान्याची, पाठीला चौकोनी कुबड असलेली. बार उडाला की तिची अख्खी नळी चार बोटं मागे सरकते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि पुढे जाताना नवं आत घेते. एवढ्या धक्क्याला आवरायला लाकडी मुठीच्या आत पितळेची एक कडी असते, ती ब्रेकचं काम करते. हलकं काडतूस असेल तर कडी एका पद्धतीनं बसवायची, भारी असेल तर दुसऱ्या. चुकली, तर बंदूक तरी अडकते नाहीतर खांदा तरी निखळतो. आणि आत तेल ओतलं तर ब्रेक घसरतो. म्हणून भाऊ बंदूक उघडण्याआधी विचारायचे, तेल किती घातलं. साखरेचा पेशंट डॉक्टरला सांगतो तसं समोरचा सांगायचा, "शुवय्या", म्हणजे थोडंसं. भाऊ मूठ काढायचे, आतून तेलाची धार लागायची, आणि ते नुसतं "तेल मफी" एवढंच म्हणायचे. तेल नाही. त्या दोन शब्दांवर त्यांचं सगळं अरबी संपत होतं, बाकी कारभार हिंदीत.

दुसरी एक गंमत. भाऊंच्या देखत कुणी पक्ष्याचं नाव काढत नसे. बहारीन केवढं, तळहाताएवढं बेट. इथे हे लोक मातीच्या थाळ्या हवेत उडवून त्यांवर नेम धरत, आणि खरी शिकार करायला परदेशी जात. परत आले की दुकानातल्या सोफ्यावर बसून, कहवा पीत, कुणी किती टिपले याच्या गप्पा. पण भाऊ मागून बाहेर आले की सगळे थाळ्यांबद्दल बोलायला लागत. थाळी उजवीकडून आली, थाळी पाण्यात पडली. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. आपल्या घरी देवळातला गुरव आला की आपण मटणाचं पातेलं झाकून ठेवतो, तसलाच तो प्रकार असावा.

या सगळ्यांत म्हातारे होते बुसैतीनचे बू राशिद, म्हणजे राशिदचे वडील. त्यांची पाचबारी त्यांच्या वडिलांची होती. दर महिन्याला ते ती घेऊन यायचे, काहीही बिघडलेलं नसताना. भाऊ ती उघडून, पुसून, कडी फिरवून परत द्यायचे. दोघं तासभर समोरासमोर बसत आणि दहा वाक्यंही बोलत नसत. मला वाटायचं, काय बाई हे, बोलायचं नाही तर यायचं कशाला.

नव्वदचं दशक निम्मं उलटलं होतं तेव्हा अरबाबांनी नवी पाचबारी मागवली. कारखान्यानं ती जुनी घाटणी पुन्हा काढली होती, वरून तेच कुबड, तीच ऐट, पण पोटातली रचना नवी. नळी जेमतेम अर्धं बोट सरकते, बाकीचं काम आतल्या स्प्रिंगा करतात. सहा बंदुका आल्या, आणि दुकानात जणू निवडणूक लागली.

बू राशिदांनी ती हातात घेतली, नाकाशी नेली आणि परत ठेवली. म्हणाले, माझ्या बापाचा थोब शेजारच्या पोरानं घातल्यासारखं वाटतंय. एक बँकवाले होते, चाळिशीतले, नवं काही आलं की पहिलं त्यांना हवं. ते म्हणाले की हलकी आहे, खांद्याला लागत नाही, कडीची कटकट नाही, आणखी काय पाहिजे. कुणी म्हणालं, जुनीचे दोन आवाज येत, आधी बार आणि मग नळी बसल्याचा खट्ट, या नवीला तो दुसरा आवाजच नाही, म्हणजे वरण आहे आणि फोडणी नाही. वरण-फोडणी माझं, त्यांनी दुसरं काहीतरी सांगितलं होतं, पण अर्थ तोच. आठवडाभर असा वाद चालला आणि बंदूक एकानंही वाजवून पाहिली नव्हती. मला आमच्याकडची लग्नं आठवली, मुलगी बघायच्या आधीच सगळ्या आत्यांचं मत तयार.

पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं अरबाबांनी आधीच सांगून टाकलं होतं, भाऊंना मागच्या खोलीत जाऊन नव्हे, तर माझ्या टेबलाशी उभं राहून. या नव्या बंदुकांना फिटर लागत नाही. त्या खपल्या, की जुन्या परत घेऊन त्या बदल्यात नव्या द्यायच्या. मागची खोली पाडून तिथे बोटींची इंजिनं ठेवायची. भाऊंचा व्हिसा चार महिन्यांनी संपत होता, तो पुढे वाढवायचा की नाही हे त्यावर ठरणार होतं. भाऊंची धाकटी मुलगी तिकडे औषधशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्यांना अजून दोन वर्षं हवी होती, जास्त नाही.

अशा वेळी दुसऱ्या कुणी काय केलं असतं? नवी बंदूक किती वाईट हे चार लोकांच्या कानात सांगितलं असतं. आमचे भाऊ त्या नव्या बंदुकीच्या प्रेमात पडले. तिसऱ्या दिवशी मला बोलावून तिची उघडलेली मूठ दाखवली. आतल्या नळकांड्यावर एक मोकळी जागा होती. म्हणाले, इथे कडी पाहिजे होती, कारखानेवाले घालायला विसरले. मी म्हटलं, एवढा मोठा कारखाना विसरेल? तर म्हणाले, आमच्याकडेही विसरायचे. बंदुकीबरोबर माहितीपुस्तक आलं होतं, ते माझ्या खणात होतं, पण पुस्तक वाचून बंदूक उघडणं हे त्यांच्या मते नवशिक्यांचं काम. तीन दिवस लेथवर बसून त्यांनी एक सुरेख पितळी कडी बनवली. शुक्रवारी दुपारनंतर नवी बंदूक सगळ्यांसमोर वाजवायची होती. आदल्या दिवशी दुकान बंद व्हायच्या वेळी, पिंपात वाजवून न बघताच, त्यांनी ती कडी त्यात बसवून टाकली, तिला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून.

बँकवाल्यांचं झल्लाककडे समुद्राला लागून शेत होतं, तिथे सगळे जमले. पोलिसांचं पत्र माझ्याकडे, म्हणून मलाही जावं लागलं. नवरा आणि मुलं डबे घेऊन पलीकडच्या किनाऱ्यावर बसली. बँकवाल्यांनी पहिली थाळी फोडली, आणि बंदूक अडकली. रिकामं काडतूस निम्मं बाहेर, निम्मं आत. भाऊंनी काढून दिलं. दुसरा बार, पुन्हा अडकली. तिसरा, चौथा, तेच. बँकवाल्यांचा चेहरा बघवेना. बू राशिदांनी आपली जुनी उचलली आणि पाच थाळ्यांवर पाच बार काढले, आणि प्रत्येकाचा तो खट्ट आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. झालं, निकाल लागला. नवी बंदूक म्हणजे नुसतं कुबड, असं सगळ्यांचं एकमत. अरबाबांनी गाडीत बसता बसता भाऊंच्या पाठीवर हात ठेवला आणि मला सांगितलं, की उस्तादच्या व्हिसाचे कागद तयार कर. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला वाटेत आइस्क्रीमला थांबवलं.

शनिवारी दुकान उघडलं. सहाच्या सहा बंदुका परत पाठवायच्या, म्हणून कारखान्याला पत्र लिहायला मी ते माहितीपुस्तक काढलं. इंग्रजी पानांवर ठळक छापलं होतं, की या बंदुकीत कडी नाही, जुन्या बंदुकीची कडी यात घालू नये, घातल्यास ती अडकेल. मी दोनदा वाचलं. मग पुस्तक घेऊन मागे गेले आणि दार लोटून घेतलं.

भाऊंनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि स्टुलावर बसले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आणि आज लाजत नाही सांगायला, की गप्प बसा. हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक, तिसऱ्याला कळायचं कारण नाही. कडी काढून टाका, बंदुका परत जाऊ द्या. शिकाऱ्यांना त्यांची जुनी हवीच होती, ते खूश आहेत. आणि बोललात तर अरबाब म्हणतील, नोकरी वाचवायला मुद्दाम केलं. कोण विश्वास ठेवणार तुमच्यावर?

 दोन दिवस त्यांनी डबा उघडला नाही, मी विचारलं तरी नुसती मान हलवली. तिसऱ्या दिवशी स्वतःच माझ्या टेबलापाशी आले.

"ताई, मी मलाच विचारू राहिलो दोन दिवस. मुद्दाम नाही केलं. पण बंदूक अडकली ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

मी म्हटलं, वाटणारच, माणूस आहात.

"हां. पण मग आता गप्प बसलो तर ते मुद्दामच झालं."

 माझं तोंड बंद करणारी माणसं कमी, त्यातला हा एक.

त्या संध्याकाळी सोफ्यावर बू राशिद होते, बँकवाले होते, अरबाब होते. भाऊ एप्रन काढून, हात धुऊन बाहेर आले आणि ती कडी कहव्याच्या ट्रेमध्ये ठेवली. हिंदीत सगळं सांगितलं, एकही शब्द न चोरता. बंदूक चांगली आहे, चूक माझी आहे.  आणि काय झालं असेल? कुणीही विश्वास ठेवला नाही. ज्या माणसाला खोटं बोलता येत नाही म्हणून फोन उचलायची बंदी, तो आयुष्यातलं सगळ्यात कठीण खरं बोलत होता आणि सगळे हसत होते. बू राशिद अरबाबांवर उखडले, की माल खपवायला या गरीब माणसाकडून हे वदवून घेतोस, लाज नाही वाटत? अरबाब शपथा घेत होते. बँकवाले म्हणाले की उस्तादच्या सज्जनपणाची हद्द झाली. मला वाटलं, सुटलो. आता तरी हा माणूस पुरे म्हणेल.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा झल्लाकला. भाऊंनीच अरबाबांच्या मागे लागून सगळ्यांना बोलावलं होतं. या वेळी बंदूक त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. थाळी नको म्हणाले, थाळी का होईना, उडतेच आहे ना. समुद्राकडे बार काढतो. पण तिथे उथळ पाण्यात पाणकावळे बसलेले. मग भाऊंनी बंदूक टेबलावर ठेवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन लावून, दोन्ही हात वर करून "हो, हो" असं ओरडत ते पाण्यातून पक्ष्यांना हाकलत निघाले. पक्षी जवळ यावेत म्हणून ज्यांनी आयुष्य घालवलं ते शिकारी पोट धरून हसत होते. बू राशिदांच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेवटचा पाणकावळा क्षितिजाकडे गेला, तेव्हा भाऊ परत आले, पाय पुसले आणि बंदूक खांद्याला लावली.

एका दमात पाच बार. एकही अडकला नाही. मग त्यांनी सगळ्यांच्या देखत कडी आत घातली, पुन्हा एक बार काढला, आणि बंदूक अडकली. आता कुणी हसलं नाही.

बँकवाल्यांनी तिथेच दोन घेतल्या. उरलेल्या चार त्या आठवड्यात गेल्या. लोक एकमेकांना सांगत होते, उस्ताद म्हणाला म्हणजे चांगलीच असणार. फक्त बू राशिदांनी घेतली नाही. त्यांनी त्याच दिवशी, शेतावरच विचारलं होतं, की मग आता माझी कोण बघणार? अरबाबांनी समुद्राकडे पाहिलं. भाऊंनी उत्तर दिलं, की तेल कमी घाला, तुमच्या नातवापर्यंत काही होणार नाही.

मुद्दाम केलं असं अरबाब कधी म्हणाले नाहीत, तेवढं खरं. त्यांनी भाऊंना नवं घड्याळ दिलं, आणि महिन्याभरात मागच्या खोलीचं माप घ्यायला माणूस आणला.

बू राशिद मात्र स्वस्थ बसले नाहीत. ते एक दिवस खास मला भेटायला आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले की उस्तादला मी माझ्या नावावर घेतो. घरचा ड्रायव्हर म्हणून व्हिसा निघतो, कुणी विचारत नाही, राहू दे त्याला बुसैतीनला, माझी बंदूक पुसू दे. अहो, अर्धं आखात अशा व्हिसावर उभं होतं. आमच्या इमारतीतला हैदराबादी कागदावर माळी होता आणि त्यानं कुंडीसुद्धा पाहिली नव्हती. मी धावत मागे गेले. भाऊंनी ऐकून घेतलं, त्यांचे डोळे भरून आले, आणि म्हणाले, "त्यांना माझा सलाम सांगा. पण ताई, मला गाडी चालवता येत नाही."

त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडले. खरंखुरं, आवाज चढवून. म्हटलं, तुमच्या या सत्यापायी तुमच्या पोरीचं शिक्षण बुडेल, त्याचं पाप कुणाच्या माथी?  पुढे ते भुसावळला पाण्याचे पंप दुरुस्त करायला लागले आणि मुलगी रडतखडत का होईना शिकली, हे मला फार नंतर पत्रानं कळलं. तेव्हा काही ठाऊक नव्हतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की दर वेळी दार उघडं आहे आणि हा माणूस हातानं लावून घेतोय.

म्हणून मी माझं डोकं चालवलं. माणूस परत जाताना मालकाला त्याचा व्हिसा रद्द करायचा अर्ज द्यावा लागे, तो मीच टाइप करणार होते, त्यावर अरबाबांची आणि भाऊंची सही. मी पासपोर्टच्या नंबरात एक आकडा चुकीचा दाबला. कचेरीतून अर्ज परत येणार, पुन्हा पाठवायचा, मध्ये रमजान, अर्ध्या वेळेचं ऑफिस. सहज दोन महिने निघाले असते. तोवर बू राशिदांनी अरबाबांना वळवलं असतं, किंवा भाऊंना अक्कल आली असती. अरबाबांनी न बघता सही केली. मी कागद भाऊंकडे दिला आणि परत येऊन उगाच फायली लावत बसले.

थोड्या वेळानं ते बाहेर आले. कागद माझ्यासमोर ठेवला. सही केलेली नव्हती.

"ताई, नंबरात सहाच्या जागी नऊ पडलाय."

मी वर न बघता म्हटलं, "पडू द्या, भाऊ."

 त्यांना कळलं हे मला कळलं. मग त्यांनी बोळकांडीतलं स्टूल ओढलं आणि माझ्या टेबलाशी बसले. या सहा वर्षांत ते माझ्यासमोर कधी बसले नव्हते.

"तुम्ही कशासाठी केलं ते समजलं मला. माझ्या सख्ख्या बहिणीनं केलं नसतं. पण खाली सही माझी राहील ना."

मी यंत्रात नवा कागद घातला. डोळ्यांना काही दिसेना, अक्षरं सगळी एकात एक मिसळत होती. भाऊंनी खिशातून पासपोर्ट काढून उघडला आणि एकेक आकडा मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. प्रत्येक आकड्यानंतर ते थांबायचे, माझं बोट नीट पडलं की नाही ते बघायचे आणि मगच पुढचा सांगायचे.